याकोबकाकांच्या कव्हरमधला ड्रिल

आधी एक स्पष्ट करतो – असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गेजमध्ये बसलं तर पास, नाहीतर रिजेक्ट, एवढंच मला कळतं. ख्रिस्ती घरातला आहे, उपासनेला नेमानं जातो, पण कुणी उठून चमत्काराची साक्ष द्यायला लागलं की माझी चुळबुळ सुरू... बायको कोपराने ढोसते तेव्हा गप्प बसतो.

आमची मंडळी म्हणजे रहाटणीतली जेमतेम बारा घरं. पाळक, म्हणजे पाद्री, नाहीत. दर रविवारी दुपारी चारला कुणाच्या तरी घरी जमायचं आणि आपल्यातल्याच एकानं संदेश द्यायचा. कुणी फिटर, कुणी नर्स, कुणी रिक्षावाला. कुणाची पाळी, कोणतं वचन, याची यादी महिन्याच्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर येते.

वीस वर्षं यातले निम्मे संदेश याकोबकाकांनीच दिले. रिटायर्ड टर्नर. लेथचे दाखले देऊन असं समजावायचे की लहान पोरंही ऐकत बसायची. मला ते फार आवडायचे, अजूनही आवडतात. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. तरी काकू त्यांना दर रविवारी खुर्चीत बसवतात, मांडीवर चेनच्या कव्हरमधलं त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवतात.

त्यांचा मुलगा प्रदीप तळेगावला असतो. अकरा वर्षं बापलेकांचं बोलणं नव्हतं. का, ते कुणी विचारायचं नाही, काकू डोळे पुसायच्या. आता तर काकांना बोलताच येत नव्हतं. मिटणार कसं ते?

तर त्या रविवारी उपासना काकांच्याच घरी होती आणि संदेश द्यायची पाळी माझी – आयुष्यात पहिल्यांदा! पेरणाऱ्याचा दाखला मी तीन दिवस पाठ केला होता. गीत झालं, आणि एका बहिणीनं वचन वाचायला घेतलं... चार मित्र लकवा झालेल्या माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात, ते! मी यादीत एक ओळ खालचं, पुढच्या रविवारचं वाचलं होतं. तेवढ्यात दारात प्रदीप. काकूंची औषधं द्यायला आला होता. कुणीतरी हाताला धरून त्याला खाली बसवलं.

समोर लकवा झालेले काका, दाराशी त्यांचा मुलगा, आणि डोक्यात एक शब्द नाही. घाम फुटला राव!

मी उठलो आणि बोलायला लागलो. म्हटलं, एक टर्नर होता, त्याच्या हाताखाली त्याचाच मुलगा काम शिकत होता. मुलाच्या हातून मशीनवरचा ड्रिल, भोक पाडायची बोटाएवढी सळई, मोडला. बापानं सगळ्या वर्कशॉपदेखत त्याच्या कानाखाली काढली. मुलगा निघून गेला. बापानं मोडका तुकडा उचलला, पुसला, जपून ठेवला. हा परत देऊन माफी मागू, असं रोज म्हणायचा, पण तोंड उघडेना. तो तुकडा अजून आहे, त्याच्या शास्त्राच्या कव्हरच्या आतल्या कप्प्यात.

हे मी मनानं रचतोय असंच मला वाटत होतं. देवाशप्पथ.

काकांचा डावा हात चेन ओढायला लागला. ती निघेना, तेव्हा काकूंनी उघडली, आतल्या कप्प्यात बोटं घातली...

"अगं बाई! हे काय हो?"

फडक्यात गुंडाळलेला, अर्धा मोडलेला ड्रिल.

प्रदीप उठून जवळ आला. "अण्णा... अजून ठेवलाय तुम्ही?"

काकांनी तुकडा त्याच्या हातात दिला. मग त्याच डाव्या हातानं स्वतःच्या गालावर चापट मारली. दुसरी मारणार, तेवढ्यात प्रदीपनं तो हात धरला आणि तिथंच गुडघ्यावर बसून रडायला लागला. आम्ही सगळेच रडलो, मी तर सर्वांत जास्त.

नंतर मी माझ्या सवयीनं तपास केला. थप्पड वर्कशॉपमधल्या कुणाकडून तरी कधी कानावर आली असेल, मानलं. पण तुकडा जपल्याचं काकूंनासुद्धा माहीत नव्हतं, आणि ते कव्हर तर त्याच रोज हाताळायच्या. मी काकांनाच विचारलं, "काका, तुम्ही मला कधी सांगितलं होतं का हो?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग हसून बोट वर केलं. मी वर पाहिलं. पंखा होता.

मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही. रिपोर्टमध्ये काय लिहायचं असतं अशा वेळी, कुणाला माहीत असेल तर सांगा. प्रदीप आता दर रविवारी येतो. या महिन्याच्या यादीत त्याचं नाव आहे. परवा घाबरून त्याचा फोन आला, "भाऊ, मला नाही हो जमणार. बोलू काय?"

मी म्हटलं, "तयारी कर. नाहीच आठवलं, तर अण्णांकडे बघ आणि बोलायला लाग."