व्याख्यानआबा आणि रिठदचा दगड

नागपूरला होणाऱ्या व्याख्यानांची जाहिरात आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात एक माणूस वर्षानुवर्षे करत होता, आणि त्या व्याख्यानांना मालेगावातून कधी कोणी गेले नव्हते. तो स्वतःही नाही. विद्यापीठाच्या कला शाखेचे छापील पत्रक सत्राच्या आरंभी वाचनालयाच्या पत्त्यावर येई. पुढल्या काही महिन्यांत कोणते जाहीर व्याख्यान, कोणत्या विषयावर, कोणत्या दिवशी, किती वाजता, एवढाच त्यातला मजकूर. आबा ते पत्रक आधी कपाळाला लावीत. मग दाराजवळच्या फळ्यावर त्या आठवड्याचा कार्यक्रम खडूने उतरवून घेत आणि खाली न चुकता लिहीत, ‘सर्वांनी अवश्य यावे.’ गाव त्यांना व्याख्यानआबा म्हणे.

आबा वाचनालयाचे राखणदार होते. त्याआधी ते कापसाच्या जिनात कामाला होते आणि तिथे त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. शिक्षण चौथीपर्यंत. पण उरलेल्या बोटांत खडू धरून ते जे अक्षर काढीत ते पाहायला मी शाळेतली मुले रांगेने घेऊन गेलो आहे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक चूल, एक घोंगडी आणि फाटलेली पुस्तके शिवायचा दाभण एवढा त्यांचा संसार होता.

समोरचा चहावाला त्यांना रोज छेडायचा. “आबा, आज कोन येऊन नाही राह्यलं?” असे तो दुकानातूनच विचारी. आबा रागावत नसत. “आज तत्त्वज्ञानवाले येऊन नाही राह्यले,” ते फळ्याकडे पाहत शांतपणे म्हणत, “तू बी येऊ नोको, म्हंजे बराबर होईन.”

मी बी.ए. होऊन मालेगावच्या शाळेत लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. गावात ओळखीचे कोणी नव्हते. शाळा सुटली की खोलीवर परतायचा कंटाळा येई, म्हणून वाचनालयात जाऊन बसे. मी नागपूरला शिकलो आणि तिथल्या सभागृहात बसून ती व्याख्याने ऐकली आहेत, हे आबांना कळले त्या दिवशी त्यांनी मला बसायला स्वतःची घोंगडी आणून दिली. बोलणारा उभा राहतो की बसतो? पाणी कोण ठेवते? लोक पागोटे काढून ठेवतात का? असे त्यांचे प्रश्न. मला फारसे काही सांगता आले नाही. त्या व्याख्यानांना मी मागच्या बाकावर बसून बहुतेक वेळा पेंगलो होतो. हे मात्र मी त्यांना कधी सांगितले नाही.

आबांची आणखी एक रीत होती. ती गावाला ठाऊक होती, पण पाहिली होती फार थोड्यांनी. पत्रकात ज्या दिवशी, ज्या वेळी व्याख्यान असे, त्या दिवशी त्या वेळी ते आतल्या खोलीत सतरंजी अंथरीत, खुर्ची मांडीत, खुर्चीशेजारी तांब्याभांडे ठेवीत आणि समोर मांडी घालून बसत. खुर्ची रिकामीच असे. “तिकडं आता सुरू झालं असन,” एवढे म्हणून ते गप्प होत. तासाभराने उठून म्हणत, “चाला, संपलं तिकडलं.” पहिल्या खेपेला मला हसू आले होते. दुसऱ्या खेपेपासून मीही त्यांच्या शेजारी बसू लागलो. त्या तासात मी जितका एकटा असे तितका खोलीवरही नसे, आणि तरीही तो तास मला हवासा वाटे.

एवढी ओढ कशाची, हे मला पुढे वर्षभराने कळले. आबांची सासुरवाडी रिठदची. तिथे त्यांचा मेहुणा सखाराम शेती करी. त्याच्या वावरात एक उभा दगड होता आणि त्यावर अक्षरे होती. जुनी, कोणाला न लागणारी. सखारामला तो दगड फोडून नव्या गोठ्याच्या पायात घालायचा होता. आबांनी त्याचा हात धरला. “सखाराम, कोनं तरी काही तरी सांगाले थे अक्षरं कोरले. वाचल्याबिगर फोडू नोको.” सखारामने विचारले, वाचणार कोण? आबांनी सांगितले, विद्यापीठात वाचणारे आहेत, एक दिवस त्यांचे व्याख्यान येईल. तेव्हापासून आबा पत्रकाची वाट पाहत होते. बाकी सगळी व्याख्याने ते फळ्यावर लिहीत, त्यांची खुर्ची मांडीत. पण शोधत असत एकच विषय.

तो विषय अखेर एका हिवाळ्यात आला. ‘वऱ्हाडातील शिलालेख.’ आबांनी तो फळ्यावर लिहिला तेव्हा ती एकच ओळ वाकडी आली. दुसऱ्या दिवशी ते रिठदला गेले. पतंगाचा पातळ कागद दगडावर धरून त्यांनी वरून कोळसा घासला आणि अक्षरांचा ठसा उतरवून आणला. कागदाची सुरळी करून वर लाल दोरा बांधला. मला म्हणाले, “मास्तर, तुमी संगं चाला. मले थो व्याख्यानाचा हॉल दाखवा.” सखारामने त्यांना होळीपर्यंतची मुदत दिली होती.

मोटारीने अकोला आणि तिथून रेल्वेने नागपूर. आबा धुतलेले धोतर नेसले होते, पिशवीत नारळ होता. सभागृहात वीस-पंचवीस माणसे असतील. आबा पहिल्या रांगेत बसले आणि पूर्ण तासभर हलले नाहीत. प्राध्यापक वयस्कर होते, हळू आणि चांगले बोलले. अक्षरे कशी झिजतात, कशी लावायची, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवले. शेवटी अध्यक्षांनी विचारले, कोणाला काही शंका आहे का? मी आबांना कोपराने ढोसले.

आबा उठले. मालेगावात कीर्तन संपले की बुवांना कोणी प्रश्न विचारत नाही. त्यांच्यापुढे नारळ ठेवायचा, पाया पडायचे आणि मागे वळायचे, एवढेच आम्हांला माहीत. आबांनी तेच केले. टेबलावर नारळ ठेवला, त्याच्याशेजारी ती सुरळी ठेवली, प्राध्यापकांच्या पायाला हात लावला आणि एक शब्द न बोलता परत फिरले. प्राध्यापक गोंधळून उभे राहिले, मग त्यांनी हात जोडले. सभेत कोणी तरी हसले. मी उठून बोलायला हवे होते. पण हसणारे लोक माझ्यासारखेच शिकलेले होते, मला लाज वाटली, आणि मी आबांच्या मागोमाग बाहेर आलो.

रात्र धर्मशाळेत काढून आम्ही सकाळच्या गाडीत बसलो. आबा खिडकीतून बाहेर पाहत होते, इतके समाधानी मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी विचारले, सुरळीवर नावगाव घातले होते का?

“नाव कायले?” ते म्हणाले. “दगड काही माहा नाही. म्या त्याहिच्या पुढं ठेवला. त्याहिले दिसन, त्याहिले वाचता येते, मंग थे सांगतीन.”

“पण कुणाला सांगणार, आबा?”

“सर्वाईले. पत्रकात येईन ना.”

परत आल्यावर त्यांना न विचारता मी प्राध्यापकांना पत्र लिहिले. तिकडे आबांनी रिठदला निरोप धाडला की, ठसा पोहोचला आहे, थांब. होळी गेली. सखाराम थांबला. पेरण्या झाल्या आणि नवे पत्रक आले. आबांनी ते दोनदा वाचले. त्यात दगड नव्हता. “पुढच्या खेपेले,” असे म्हणून त्यांनी फळा पुसायला घेतला.

प्राध्यापकांचे उत्तर भाद्रपदात आले. ते आजारी होते, म्हणून उशीर झाल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली होती. नारळ ठेवणारे गृहस्थ त्यांना चांगले आठवत होते. कागद मात्र त्यांच्या हाती आला नव्हता. हारतुऱ्यांबरोबर शिपायाने तो झाडून टाकला असावा. दुसरा ठसा पाठवल्यास ते आनंदाने वाचतील.

ते पत्र मी आबांना दाखवले नाही. त्यांना तेव्हा ताप येत होता, खोकला होता. अशा वेळी, तुमचा कागद केरात गेला, हे कसे सांगायचे? मी ठरवले, दिवाळीच्या सुटीत आपणच रिठदला जायचे, ठसा घ्यायचा, धाडायचा आणि दगडाचे बोलणे घेऊनच त्यांच्याकडे यायचे. मग कागदाचे सांगावेच लागणार नाही. मला ते शहाणपणाचे वाटले होते. पत्र माझ्या ट्रंकेत राहिले आणि आबा सुटी लागायच्या चार दिवस आधी गेले. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. त्यांनी विचारले, “मास्तर, टपाल आलं काय?” मी नाही म्हणालो. त्या दिवशीचे टपाल खरेच आले नव्हते. तरी ते खोटेच होते.

सुटीत मी रिठदला गेलो. सखाराम मला दगडापर्यंत घेऊन गेला. कागद त्याने धरला, कोळसा मी घासला. या खेपेला मी माझे नाव, गाव, तालुका, सगळे ठळक लिहिले. माघात कार्ड आले. अक्षरे बरीच गेली आहेत, प्राध्यापकांनी लिहिले होते, पण लागते तेवढे असे: ‘याने वाटसरूंसाठी येथे विहीर बांधली.’ नाव जिथे असावे तिथे दगडाचा टवका उडाला आहे.

ते कार्ड घेऊन मी पुन्हा रिठदला गेलो. सखाराम वावरात तुरीच्या काड्या गोळा करत होता. वयाने तो मोठा, पण मी शिकलेला म्हणून मला गुरुजी म्हणे. मी त्याला दगडापाशी उभे करून कार्ड वाचून दाखवले. त्याने दुसऱ्यांदा वाचायला सांगितले.

“एवढंच, गुरुजी?”

“एवढंच.”

त्याने दगडाच्या टवक्यावरून बोट फिरवले. मग त्याने भोवतीच्या कोरड्या वावराकडे पाहिले. त्याची बायको दूरच्या नाल्यावरून डोक्यावर घागर घेऊन बांधाने येत होती.

“मंग विहीर कुठी हाय?” त्याने विचारले.

सखारामने गोठ्यातून पहार आणली. मला वाटले, आता दगड फुटणार, आणि त्याला अडवायला माझ्याजवळ काही उरले नव्हते. पण तो दगडाला वळसा घालून पुढे गेला. चार पावलांवर त्याने पहार जमिनीत मारली, खाली वाकून कान दिला. मग आणखी चार पावले पुढे जाऊन पुन्हा मारली.