कानबाईच्या होडीचा तळ

होडी दाखवायला आणली की दगाआप्पा आधी चपला काढायचे. देवळात काढतात तशा नव्हे हो, अनवाणी टाच टेकवून होडीत फिरता यावं म्हणून. फायबरच्या जुन्या होडीचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. वरून रंग चकचकीत, आणि आतलं प्लायवूड कुजून गेलेलं. टाचेखाली तळ जरासा दबला की आप्पा म्हणायचे, "गेली ही." मग हातोडीच्या दांड्याने ठोकत सुटायचे. टणटण वाजलं तर पुढे, भद्द वाजलं तर तिथे खडूने गोल. मालक "गेल्याच साली नवी केलीय" म्हणून कितीही गळा काढो, आप्पा हूं की चूं करायचे नाहीत.

सुरतेजवळ मगदल्ल्याला तापीच्या काठी पत्र्याची शेड, तिथे त्यांचं काम. राहायला लिंबायतमध्ये एक खोली. मंगलाबाई गेल्यापासून त्या खोलीत माणसाचा आवाज यायचा तो भिंतीपलीकडच्या टीव्हीतून. कणीक मळायला बसले की हात सवयीने दोघांचं पीठ घ्यायचा, आणि उरलेल्या पोळ्या आप्पा सकाळी चहात बुडवून खायचे. मूलबाळ नव्हतं. माणूस तसा तिरसट. पण तिरसट माणसालाही संध्याकाळी कुणीतरी "आलात का?" म्हणावंसं वाटतंच की! आप्पांना तर फार वाटायचं, फक्त त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही.

आणि गंमत बघा, सख्खा थोरला भाऊ दोनच गल्ल्या पलीकडे. राघोदादा, त्यांची बायको इंदुबाई, मुलगा लखन, सून, नात, भरलेलं घर. पण जाणं-येणं बंद. भांडण शेतावरून नाही की घरावरून नाही, कानबाईवरून. खानदेशाबाहेरच्याला सांगितलं तर तो हसेल, पण आमच्यात हे साधं नसतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई सजवून बसवतात, सोमवारी नदीवर नेतात. घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, त्या पिठाचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याच्या तोंडी कण लागू द्यायचा नाही.

राघोदादांनी ही कानबाई सुरतेत आणायचं ठरवलं. सगळं घर कापडाच्या लूमवर कामाला, दरसाल गावी जायला रजा कोण देतो? आप्पा भडकले. "लूमच्या खडखडाटात देवी बसवता? तुमच्या रोटाला मी शिवणार नाही," असं भरल्या घरात बोलून बाहेर पडले. मग दर श्रावणात नवरा-बायको गावी जाऊन आपली वेगळी कानबाई मांडायची. मंगलाबाई गेल्या आणि तीही थांबली. त्यानंतर प्रत्येक श्रावणात त्या रविवारी आप्पा दार लोटून बसायचे. गल्लीतून कानबाईची गाणी यायची. आपण होऊन जावं तर स्वतःचाच शब्द आडवा येई, आणि बोलवायला कुणी येत नव्हतं.

यंदा मात्र श्रावण लागताच लखन थेट शेडवर आला. टेम्पोत होडी. कुठल्याशा बंद पडलेल्या बोट-क्लबाची, गल्लीतल्या मंडळाने घेतलेली. सोमवारी कानबाई काठावरून न सोडता होडीतून मधल्या धारेत न्यायची, सोबत बायका, पोरंसोरं, असा सगळा थाट.

"काका, मधे जरा पोचं लागे छे, पाय दबतो," लखन अर्ध्या गुजरातीत म्हणाला. "वरून एक थर मारी द्या ने. सोमवारी पाण्यात घालायचीय."

काका! आप्पांना आधी कळेचना की हा आपल्याशीच बोलतोय. होडी उतरवून लखनने टेम्पो सुरू केला आणि जाता जाता म्हणाला, "अने हां, रविवारी रोट खायला या. आईने सांगितलंय."

आप्पा तिथेच पालथ्या पिंपावर बसून राहिले.

मग चपला काढून होडीत चढले. तिसऱ्याच पावलाला टाच खाली गेली आणि बाकाच्या स्क्रूच्या भोकातून काळं पाणी बुडबुडत वर आलं. हाच तो गाढवपणा! क्लबवाल्यांनी बाकं थेट तळात पिळली होती, भोकं रेझिनच्या चिकाने बंद करायची तसदी घेतली नव्हती. वर्षानुवर्षं पाणी आत मुरत गेलेलं. आप्पांनी ग्राइंडरने चौकोन कापला. प्लायवूड हातात भिजल्या पेंडीसारखं आलं. त्याखालचे उभे-आडवे लाकडी दांडे, ज्यांच्यावर तळाचा सगळा भार, तेही नखाने उकरता येत होते. ते सगळं काढून, होडी कोरडी करून, नवं लाकूड बसवायचं म्हणजे दिवाळी उजाडणार. श्रावणात लुगडी वाळत नाहीत, तिथे होडी काय वाळणार!

लखनला फोन करून "होणार नाही" म्हणायचं, बस्. आप्पांनी फोन हातात घेतलाही. पण होडी नाही म्हटल्यावर रोटाचं काय? बोलावणं होडीमागूनच आलं होतं, तसंच होडीमागून गेलंही असतं. काकाची आठवण झाली ती काम निघालं म्हणूनच ना? एवढा हिशेब आप्पांच्या डोक्यात पक्का बसला, आणि फोन खिशात गेला.

त्यांनी हॅलोजनचे दिवे लावले, पंखा लावला. वरून लाकूड कोरडं दिसायला लागलं, आतलं ओल धरूनच होतं. ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही, हे त्यांनी आजवर किती मालकांना तोंडावर सुनावलं होतं! आता स्वतःच त्यावर प्लाय टाकलं, वर काचतंतूची मॅट अंथरली, रेझिन ओतलं, रोलर फिरवला. हात नेहमीपेक्षा सफाईने चालत होते. वरून निळा रंग. शनिवारी लखन आला आणि आरशासारखा तळ बघून "मानलं काका तुम्हाला!" म्हणाला. आप्पा हसले. ठोकून मात्र पाहिलं नाही.

रविवारी ते धुतलेला पांढरा सदरा घालून निघाले. दारात राघोदादा उभे. "ये भो, बस," एवढंच म्हणाले आणि आपल्या शेजारचा पाट सरकवून दिला. झालं, इतक्या वर्षांचा राग तेवढ्यात विरघळला. समोर कानबाई सजून बसलेली, नथ घातलेली. ताटात रोट, खीर, गंगाफळ भोपळ्याची भाजी. बायका आत गात होत्या. आप्पांनी रोटाचा तुकडा मोडला, आणि त्यांना वाटलं, आता मेलो तरी चालेल.

तेवढ्यात लखनची मुलगी वर्षा येऊन त्यांच्या मांडीला टेकली. "आजोबा, होडीत सगळ्यात पुढे मी बसणार. पप्पांनी सांगितलंय. आणि मी नाचणार!"

"होडीत नाचतात होय?" राघोदादा म्हणाले.

"नाचू दे ना बाबा," लखन वाढता वाढता म्हणाला. "काकांनी तळ असा केलाय, हत्ती नाचवा."

सगळे हसले. आप्पांच्या हातातला तुकडा हातातच राहिला. त्यांनी मांडीशी टेकलेल्या त्या छोट्या पायांकडे पाहिलं.

"लखन," ते म्हणाले, "होडी पाण्यात घालू नको."

"का?"

"खालचं लाकूड कुजकं शे. काढायला वेळ नव्हता. मी ते तसंच झाकलं. माणसं बसली की तळ खचेल."

आतलं गाणंही थांबलं. लखनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "माझी पोरगी बसणार होती त्यात! अख्खी गल्ली बसणार होती! काका, एक फोन नाही करता आला?" आणि मंडळाच्या पोरांना कळवायला तो तणतणत बाहेर गेला. सुनेने वर्षाला हात धरून उचललं. रोटाच्या पंगतीतून अर्धवट उठायचं नसतं म्हणून बाकीचे खाली मान घालून जेवले. आप्पांनीही रोट संपवला. कसा गिळला ते त्यांचं त्यांना माहीत.

हात धुऊन ते दाराशी आले, तर इंदुबाई पाठोपाठ आल्या.

"भाऊजी, का केलं असं?"

आप्पांना खोटं बोलायचं आता त्राण नव्हतं. "होडी जमत नाही म्हटलं असतं, तर रोटाला बोलावलं असतं का वहिनी तुम्ही?"

इंदुबाई उंबऱ्याबाहेर आल्या.

"अहो, लखनला मी बोलावणं घेऊनच पाठवलं होतं तुमच्याकडे. यंदा तुमचे दादाच म्हणाले, माझं वय झालं, दगाला घरी आण. होडी तर लखनने जायला निघाल्यावर टेम्पोत चढवली, म्हणे जातोच आहे तर दाखवतो."

आप्पांनी चौकटीला हात टेकला. "म्हणजे मी ते उगाच झाकलं."

"उगाच," इंदुबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आतून भांड्यांसाठी कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

आप्पांनी चपला घातल्या. आत राघोदादा पाठमोरे बसले होते. उद्या घाटावर ये, असं कुणीतरी म्हणेल म्हणून आप्पा जरा वेळ पायरीवर थांबले. कुणी म्हणालं नाही.