डुप्लिकेट काढणाऱ्या काकू

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणाचा फोन फोटोंनी भरला, की समोरच्या काकू स्वतःहून बेल वाजवतात. "आण इकडे, डुप्लिकेट काढून देते." चष्मा कपाळावर चढवतात, फोन नाकाशी धरतात आणि "हा तोच, हा तोच, हाही तोच" करत एकसारखे फोटो उडवत सुटतात. काम फुकट आणि चोख. फक्त त्यांचा हात फिरला की प्रत्येक हळदीकुंकवाचा एकच फोटो उरतो. त्यात काकू नव्या नवरीसारख्या, आणि बाकी आम्ही सगळ्या डोळे मिटून, तोंड वासून.

परवा काकू आणि मी निफाडला द्राक्षबागेत गेलो होतो, ते फोटो त्यांच्या हाती लागले. शेवटी दोनच उरले. एकात काकू झकास, मी मात्र शिंकतेय. दुसऱ्यात मी कधी नव्हे ती सुंदर, आणि काकूंचे दोन्ही गाल द्राक्षांनी टम्म फुगलेले. काकूंनी दोन्ही फोटो चार-चारदा मागेपुढे केले. मग उसासा टाकून त्यांनी स्वतःचा झकास फोटो उडवला.

"हा ठेव. छान आलीयेस. पण ग्रुपवर टाकू नकोस हं."

समोरचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मी तो ग्रुपवर टाकला.