समोरच्यासाठी हसू

फेल्डहोवन या डच गावात आमच्या शेजारी एक जपानी बाई राहते. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच ऑफिसात इंजिनिअर. आमची मैत्री जमली ती हसण्यावरून. तिच्या भाषेत हसण्याचे शब्द ढिगानं. कुसुकुसु म्हणजे आपलं खुदुखुदु, गेरागेरा म्हणजे खदाखदा. आइसोवाराई मात्र मला पटेना. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून हसायचं हसू.

"म्हणजे खोटंच की," मी म्हटलं.

"खोटं नाही. शिष्टाचार."

मी पुण्याची. आमच्याकडे दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाकडे बघून हसत नाही.

एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. नवरा कंपनीच्या धूळबंद क्लीनरूममध्ये, फोन बाहेर लॉकरमध्ये. मीच तिला गाडीत घालून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं.

"शून्य ते दहा, किती दुखतंय?" डॉक्टरनं विचारलं.

"तीन," ती हसून म्हणाली. कपाळावर घाम, खुर्चीचा हात आवळून धरलेला.

डॉक्टरही हसला. "मग पॅरासिटामॉल घ्या. दोन दिवसांनी बघू."

माझं डोकं फिरलं. "डॉक्टर, ते हसू तुमच्यासाठी आहे. तिला खूप दुखतंय."

"दुखणं त्यांचं आहे," तो शांतपणे म्हणाला. "त्यांनाच सांगू द्या."

इथे तोंडानं बोललं तेवढंच खरं. ती उठायलाही लागली, वर त्याचे आभार मानत. घरी जाऊन ही एकटी पडून राहणार, आणि कुणी विचारलं तर हसणार. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी ओरडते.

"हसणं बंद कर. त्याच्याकडे बघ आणि हसू नकोस."

ती दचकली. मग तिचे ओठ हळूहळू खाली आले. त्यामागचा चेहरा मीही कधी पाहिला नव्हता. डॉक्टरनं पुन्हा आकडा विचारला नाही. तिला टेबलावर झोपवलं, पोट दाबून बघितलं आणि फोन उचलला.

अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. हॉस्पिटलमध्ये ती माझा हात धरून कण्हत होती, रडत होती. ऑपरेशनला न्यायच्या जरा आधी नवरा धापा टाकत पोचला. त्याला दारात बघताच तिनं माझा हात सोडला, डोळे पुसले आणि हसली. तोही हसला, अगदी तसंच. हातानं दाराची चौकट आवळून धरलेली.

मी बाहेर येऊन उभी राहिले. दोघांवर ओरडायचं बळ माझ्यात नव्हतं.