लाइट येताना

लाइट गेली की काकू दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या, शाळेतल्या शहाण्या मुलीसारख्या. म्हणायच्या, "जाताना नाही रे, येताना घाबरायचं असतं."

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत लाइट सारखी जाते आणि खाली जनरेटर धडधडला की येते. तेवढ्यात कोण घाबरत बसणार? तुम्हीही बसला नसतात.

काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. आता त्या आपल्या मुलीकडे नागपूरला असतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेऊन निवृत्त झालेल्या. बाल्कनीत काचेच्या बरण्यांत शेवाळ वाढवायच्या आणि त्याला घाबरायच्याही. बरणीचा चमचा चुकून स्वयंपाकघरात गेला, तर चमचाच फेकून द्यायच्या. "चाखून बघू का?" असं मी एकदा गमतीने विचारलं, तर आठवडाभर फोन करून माझ्या पोटाची चौकशी!

माझ्या गप्पी माशांच्या पिल्लांना खायला शेवाळ लागतं, म्हणून बरणीत वाढवायला मी त्यांच्याकडून वाटीभर हिरवं पाणी मागून आणलं.

"हवेचा पंप बरणीच्या वर ठेव हं. खाली ठेवलास तर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं उतरतं. आणि लाइट आली की त्याच पाण्यात करंट."

"काकू, मी आयटीवाला आहे. वायर मला कळते."

"बिल्कुल कळत असेल. तरी वर ठेव."

वर ठेवलेला पंप दिसायला वाईट, हे माझं शास्त्र. मी बाल्कनीत स्टुलावर बरणी ठेवली आणि पंप व एक्स्टेन्शन बोर्ड, दोन्ही स्टुलाखाली दडवले.

एका रविवारी काकू माझं शेवाळ बघायला आल्या आणि लाइट गेली. पाचेक मिनिटं झाली तरी जनरेटर सुरू होईना. तेवढ्यात बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन अनवाणीच बाल्कनीकडे निघाली. "ये ये, रंग बघ कसा आलाय!" मी तर तिला बोलावतोय. काकूंची नजर मात्र फरशीवर. पंपातून बोर्डावर, बोर्डावरून उंबऱ्यापर्यंत हिरवट पाणी पसरलं होतं.

खाली जनरेटर धडधडला.

"पाय मागे!" काकूंनी बायकोचं मनगट धरून तिला अशी खेचली की दोघी सोफ्यावर आदळल्या. बाल्कनीत चट्‌ असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर पसरला.

भ्यालो की मला हसू येतं. "चला, कपडे झटक्यात वाळले असते," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

"काकू, सोडा आता," बायको हळूच म्हणाली.

"सोडलं नाही का मी?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. बोटं उघडतच नव्हती. बायकोने एकेक बोट सोडवलं. शेवटी करंगळी उरली, तेव्हा ती थांबली आणि काकूंची ती करंगळी मुठीत धरून तशीच बसून राहिली.