धोंड्याच्या महिन्यातलं इंजिन

चालू स्थितीतली कुठलीही वस्तू आमच्या दाजींना बघवत नाही. बंद पडलेल्या वस्तूला हात लावणारे जगात पुष्कळ आहेत. त्यांना आपण कारागीर म्हणतो, चहा पाजतो आणि विसरतो. दाजींचं तसं नाही. निमूट फिरणारा पंखा, वेळेवर वाजणारं घड्याळ, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला मिक्सर दिसला की त्यांचा उजवा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे जातो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म जतच्या बाजूचा, नोकरी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, आणि निवृत्तीनंतरचा मुक्काम, माझ्या दुर्दैवाने, वर्षातून चार महिने आमच्या मिरजेच्या घरी. स्वतःच्या लग्नात, अंतरपाट मध्ये धरलेला असताना, त्यांनी मांडवामागच्या जनरेटरचा आवाज ऐकून भटजींना थांबवलं होतं. "जरा दम धरा, जनरेटर मिसिंग मारतोय," असं म्हणून हा माणूस मुंडावळ्यांसकट मागे गेला. ताई हातात हार घेऊन दहा मिनिटं उभी होती. ती अजूनही त्यांच्यासाठी तशीच उभी असते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते मला.

जतकडचा माणूस असल्यामुळे वाया जाणारी कुठलीही गोष्ट त्यांच्या जिवाला लागते. आमच्याकडे नळाला दोन्ही वेळ पाणी, तरी दाजी पेल्यात उरलेलं घोटभर पाणी घेऊन अंगणातल्या कढीलिंबापर्यंत चालत जाणार. तोंड धुतलेलं पाणी बादलीत, बादलीतलं झाडाला. टँकरची वाट बघण्यात ज्याचं बालपण गेलं त्याचं हे वागणं मी समजू शकतो. पण याच हिशेबाने त्यांनी पेट्रोलशी वैर धरलं होतं. "बशीत वतून ठेवा, बघता बघता उडून जातंय. जी वस्तू राखून ऱ्हात न्हाई तिच्यावर माणसानं इसवास ठिवू ने," असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. डिझेल मात्र त्यांना घरच्या माणसासारखं वाटे. आता आमच्या दारात उभी होती एक जुनी पेट्रोलवर चालणारी व्हॅन. आमचा धंदा तंबोरे करण्याचा. तयार तंबोरे गिऱ्हाइकाकडे पोचवायला ही व्हॅन घेतलेली. वय झालेलं, रंग उडालेला, पण चाल अशी मऊ की मागे तंबोरे ठेवून मी सांगलीला जाऊन आलो तरी खुंटी तसूभर हलत नसे. तिच्यात काडीचाही दोष नव्हता. दाजींच्या नजरेत यायला तेवढा गुन्हा पुरेसा होता.

वडिलांविषयी सांगितल्याशिवाय माझं दुखणं कळायचं नाही. वडील जवारी काढण्यात नावाजलेले. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने घासून असा उतार द्यायचा की तार छेडली की सूर गुंजत राहावा, याला जवारी म्हणतात. केसाएवढं जास्त घासलं तर सूर बोदा होतो. हे काम मी त्यांच्याकडे वयाच्या पंधराव्या वर्षापासून शिकलो. मी केलेली जवारी त्यांनी ऐकावी, "हं" म्हणावं, माझ्या हातातून घोडी घ्यावी आणि दोन हात स्वतः मारावेत, हे तीस वर्षं चाललं. चांगली म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. आणि एके दिवशी दाजी, ज्यांना सा आणि रे यांतला फरक ठाऊक नाही, भिंतीला टेकून शेंगा सोलता सोलता म्हणाले, "मामा, त्या दुसऱ्या तारंत कायतरी अडतंय बघा." वडिलांनी तार तपासली. घोडीवर भुशाचा कण होता. वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "याला कान आहे." तीन शब्द. मी तीस वर्षं ज्यांची वाट बघत होतो ते एका मेकॅनिकला शेंगा सोलताना मिळाले. त्या दिवसापासून मला दाजी आवडेनासे झाले, आणि मी ते लपवण्याचे कष्टही फारसे घेतले नाहीत.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि तो मागेल ते हौसेने द्यायचं, ही आपल्याकडची रीत. कुणाचा जावई अंगठी मागतो, कुणाचा मोबाइल. वडिलांनी ताटापुढे बसलेल्या दाजींना विचारलं, काय देऊ? दाजींनी अनारसा खाली ठेवला आणि म्हणाले, "व्हॅनची चावी द्या. तिच्यात डिझेल इंजिन बशिवतो." मला वाटलं वडील हसतील. पण जावयाला, आणि तेही धोंड्याच्या महिन्यात, नाही म्हणायचं नसतं. चावी माझ्या खिशात होती. वडिलांनी हात पुढे केला आणि मी ती दिली. अख्ख्या मिरजेत वाणात इंजिन गेलेलं घर आमचं एकच असेल.

पुढचे तेरा दिवस आमच्या अंगणात जे चाललं ते मी वर्णन करणार नाही, कारण माझा रक्तदाब. कुठल्याशा भंगारातून एका मालवाहू टेम्पोचं दोन सिलिंडरचं इंजिन आलं. व्हॅनचं इंजिन असतं पुढच्या सीटखाली. हे नवं धूड तिथे मावेना, म्हणून दाजींनी इंजिन छोटं बघण्याऐवजी सीट वीतभर उंच केली. परिणामी माझं डोकं छताला लागू लागलं आणि मी मान वाकडी करून गाडी चालवू लागलो. रस्त्यातले ओळखीचे लोक विचारत, कुणाशी बिनसलंय का? इंजिनाखाली रबर म्हणून बैलगाडीच्या जुन्या टायरचे तुकडे, आणि सीट तापू नये म्हणून मध्ये गोडेतेलाचा डबा कापून ठोकलेला. तरी ती तापेच. सरकारी कागदावर ही गाडी आजही पेट्रोलची आहे, त्यामुळे ती विकता येत नाही. मी तसं म्हटल्यावर दाजी म्हणाले, कागद काय रस्त्यानं पळतोय का? पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा गल्लीच्या टोकाच्या काकू जोंधळ्याचा डबा घेऊन आल्या. त्यांना वाटलं, नवी गिरणी निघाली.

पण खरी गंमत, म्हणजे इतरांना जी गंमत वाटली ती, पुढेच होती. गाडी नुसती उभी राहून धडधडू लागली की मागचे सगळे तंबोरे कापडी गवसणीतल्या गवसणीत आपोआप गुणगुणायला लागत. दाजींचा आनंद गगनात मावेना. "बघा मामा, गाडी सुरात हाय." वडील रेल्वे फाटकाशी गाडीत बसून, डोळे मिटून ते ऐकत आणि चक्क हसत. आई गेल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते. चांगलं वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही.

दोन वर्षांनी वडिलांनी तंबोऱ्यांची शेवटची जोडी केली. हात थरथरू लागला होता, पुढे कानस धरवणार नाही हे त्यांना कळलं होतं. साताऱ्यात गाणं शिकवणाऱ्या एका बाईंसाठी ती जोडी होती, आणि तिची जवारी त्यांनी मला हात लावू न देता स्वतः केली. मी म्हणालो, चांगली भाड्याची गाडी करून नेतो. वडील म्हणाले, दाजींना चालवू दे. मग काय, दाजी चालवत होते, मी शेजारी वाकड्या मानेने बसलो होतो, मागे गादीवर जोडी. कराडच्या पुढे चहाला थांबलो. इंजिन चालूच होतं, कारण बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री खुद्द दाजींनाही नसे.

यापुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. चहाचा पेला हातात घेऊन दाजी गाडीपाशी उभे होते. त्यांनी मान कलती केली आणि म्हणाले, "डावीकडचा तंबोरा गप झालाय. गवसणी काढून बघू या का एकदा?" मला त्या धडधडाटात काही ऐकू येत नव्हतं. यांना कान आहे ना, म्हणून मला आणखीच झोंबलं. मी म्हणालो, "तंबोऱ्यातलं तुम्ही मला शिकवू नका. गाडी काढा." त्यांनी उरलेला चहा संपवला, पाण्याच्या पेल्यात उरलेला घोट टपरीमागच्या झाडाला घातला आणि गाडी काढली.

साताऱ्यात गवसणी काढली तर डाव्या तंबोऱ्याचा, भोपळा आणि दांडी जुळतात तिथला सांधा उकलला होता. कराडला सुटायला लागला असणार, तिथे थांबून बांधला असता तर वाचला असता. पुढच्या धक्क्यांनी भोपळ्याला तडा गेला होता. बाईंनी तारेवरून नुसतं बोट फिरवलं आणि जोडी परत दिली. बोललो ते मी. त्यांच्या अंगणात, शिकायला आलेल्या मुलींच्या देखत मी दाजींना म्हणालो की तुमच्या भंगारापायी माझ्या बापाचं शेवटचं काम गेलं, पुन्हा आमच्या दारात येऊ नका. दाजी हात मागे बांधून उभे होते. कराडचं नाव त्यांनी काढलं नाही. घरी येऊन वडिलांना एवढंच म्हणाले, "माजीच चूक मामा. इंजिन लय हादरतंय." मी तिथेच होतो. माझ्या तोंडात जीभ होती. वडील "हं" म्हणाले, आणि सहा महिन्यांनी गेले. दाजी खांदा द्यायला आले, दारात थांबले आणि दारातूनच परत गेले.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. वाण देणारा आता मीच. तेहतीस अनारसे घेतले, आणि दुरुस्त केलेला तो तंबोराही गाडीत घेतला. त्याचा भोपळा नवा बसवलाय, जवारी माझी आहे. का घेतला ते मला नीट सांगता येणार नाही. जतकडे पोचलो तर दाजी अंगणात खाटेवर बसले होते. गाडी अंगणात येऊन धडधडत उभी राहिली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. ताई म्हणाली, ऐकू येत नाही रे आता, आयुष्य इंजिनांत गेलं. मी ताट पुढे ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, "दाजी, कराडला तुम्ही बरोबर सांगितलं होतं." त्यांनी कानामागे हात धरला, "आं?" म्हणाले. दुसऱ्यांदा ओरडून सांगायचं तर ताई समोर उभी होती. मी म्हणालो, काय देऊ ते मागा. ते त्यांना ओठांवरून कळलं. ते उठले, गाडीत चढले आणि सीटखालच्या पत्र्यावर तळवा टेकवून बसले. मग म्हणाले, "टॅपेट सैल झालंय. चावी द्या, घट करून देतो."

मी चावी दिली. काम झाल्यावर मी तंबोरा त्यांच्यापुढे धरला आणि तारा छेडल्या. त्यांनी भोपळ्यावर तोच तेलकट तळवा ठेवला आणि डोळे मिटले. "मामांची न्हाई ही," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमची हाय. अडत न्हाई कुटं." बस्स, एवढंच. तळव्याचा काळा ठसा भोपळ्यावर राहिला, तो मी पुसला नाही.

परत येताना गाडी बरी चालत होती. प्रत्येक थांब्यावर तंबोरा मागे गुणगुणत होता, आणि मी वाकडी मान आणखी वाकडी करून ऐकत होतो. तो गप झाला असता तर सांगायला शेजारी कुणी नव्हतं.