धुतलेलं फडकं

फडकं मी धुतलं, ही चूक माझीच. टेरियर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू देण्याआधी सावंतबाईंनी आमच्या घराची बारीक चौकशी केली होती, पिल्लाची आई दाखवली होती आणि निघताना तिच्या अंथरुणातलं एक कळकट फडकं माझ्या हातात दिलं होतं. घरी येताच मी ते साबण लावून स्वच्छ धुतलं. पिल्लू दिवसभर रडत राहिलं. शेवटी बाईंना फोन केला.

"धुतलंत? अहो, त्यात त्याची आई होती!" त्या हसत सुटल्या. "या, दुसरं देते."

नव्या फडक्यात नाक खुपसून पिल्लू लगेच झोपलं. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. घर सोडून येणारा प्रत्येकजण असं काहीतरी सोबत आणत असेल. माझी बायको मीरा लग्नानंतर माहेरची गोधडी घेऊन आली होती. जुनाट दिसते म्हणून मी ती परस्पर देऊन टाकली.

"अहो, हळू चाला. आत्ता कुठे झोपलाय," मीरा कुजबुजली.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. "तुझी गोधडी मी द्यायला नको होती," मीही कुजबुजलो. "चुकलो गं."